गरोदरपणात मनाला बरं नसेल तर काय करायचं : ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

गरोदर बाईचं वजन दर तपासणीला होतं, बीपी मोजतात, हिमोग्लोबिन बघतात, पोटाला हात लावून बाळाची वाढ पाहतात. मन कसं आहे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही आणि ती स्वतःहून सांगतही नाही. घरात डोहाळजेवणाचे बेत चाललेले असताना ‘मला काहीच बरं वाटत नाहीये’ हे वाक्य तोंडातून काढायला फार बळ लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना आणि १३ टक्के बाळंतिणींना काही ना काही मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्य सगळ्यात जास्त. विकसनशील देशांत हेच प्रमाण गरोदरपणी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के आहे. दवाखान्याच्या बाकावर तपासणीसाठी बसलेल्या सहा-सात जणींमध्ये एक, असं समजा.

‘बाळ झालं की सगळं नीट होईल’ हा आपल्याकडचा सर्वात प्रेमळ सल्ला आहे, आणि माझ्या मते सर्वात नुकसान करणाराही तोच. बाळंतपणानंतर जे नैराश्य दिसतं, त्याची सुरुवात पुष्कळ जणींमध्ये पोटात बाळ असतानाच झालेली असते. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते पुढच्या तपासणीच्या आधी करायचं आहे. बाळंतपण होईपर्यंत थांबायचं नाही.

पहिलं काम : हे नेहमीचं आहे की आजार, ते पाहणं

पहिल्या तीन महिन्यांत मन खालीवर होतं, चिडचिड होते, फोडणीच्या वासानं मळमळतं, लहानशा गोष्टीवरून डोळे भरून येतात. हार्मोन्स बदललेले असतात, झोप मोडलेली असते. एक दिवस वाईट जातो आणि दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला की बरं वाटतं. हा आजार नव्हे.

आजाराची खूण वेगळी असते. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ मन उदास राहतं, किंवा ज्यात पूर्वी गोडी होती त्यातलं काहीच नकोसं वाटतं. थकवा, भूक आणि झोप तर गरोदरपणात बदलतेच, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. बाकीच्या खुणा बघा. दमून आडवं झालं तरी झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही. ‘मी चांगली आई होणार नाही’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं मनात घोळत राहतं. बाळाबद्दल काहीच वाटत नाही. फोन घ्यावासा वाटत नाही, लोहाच्या गोळ्या तशाच पडून राहतात, तपासणीची तारीख टळते.

डॉक्टरांपुढे बसल्यावर आपल्याकडच्या बायका ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतात. जीव घाबरतो, छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, हातापायातलं बळ गेलंय, कशात मन लागत नाही, उगाच रडू येतं, असं सांगतात. घरात कुणी यातलं एखादं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडून देऊ नका.

काहींना उदासीपेक्षा काळजीच जास्त छळते. पाचव्या महिन्याच्या आसपासच्या सोनोग्राफीआधी आठ-आठ दिवस झोप नाही, रिपोर्ट चांगला आला तरी दुसऱ्या दिवसापासून नवी शंका. बाळाची हालचाल तासातासाला मोजत बसणं. इंटरनेटवर एकच लक्षण शोधत रात्री जागवणं. बाळंतपणाच्या कळांची इतकी धास्ती की पहिल्या भेटीपासून ‘माझं सिझेरियनच करा’ असा हट्ट. काळजीचं हे रूप घरच्यांना आजार वाटत नाही, उलट ‘किती जपते बाळाला’ म्हणून कौतुक होतं. तिला मात्र ते आतून पोखरत असतं.

आणखी एका गोष्टीवर मी थोडं थांबणार आहे, कारण ती कुणीच कुणाला सांगत नाही. काही बायकांच्या मनात अचानक नको ते चित्र येतं : मी पोटावर काही मारून घेतलं तर, बाळ माझ्या हातून खाली पडलं तर, हातात सुरी असताना भलतंच घडलं तर. त्या चित्राने ती स्वतःच हादरते, सुरी हातात घेणं सोडते, देवापुढे माफी मागते. असे विचार पुष्कळ जणींना येतात. ते खूप वाढले आणि त्यापायी हात धुणं, तपासणं, टाळणं सुरू झालं तर तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ज्या विचाराची तुम्हाला भीती वाटते, किळस येते, तो विचार म्हणजे तुमचा हेतू नव्हे. डॉक्टरांना हे सांगितलं म्हणून कुणी तुमचं बाळ काढून घेत नाही. याच्या उलट, असा विचार खरा वाटू लागला, ‘बाळात काही वाईट शिरलंय’ अशी खात्रीच पटली किंवा कानात आवाज येऊन आज्ञा करू लागले, तर ती तातडीची वेळ आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कुणाच्या बाबतीत अधिक सावध राहायचं

आधी कधी नैराश्य, पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) किंवा बायपोलर आजार (कधी खोल उदासी, तर कधी अति उत्साह) होऊन गेला असेल; आधीचा गर्भ पडला असेल किंवा मूल दगावलं असेल; वर्षानुवर्षं उपचार करून, आयव्हीएफनंतर दिवस राहिले असतील; हे मूल ठरवून झालेलं नसेल; घरात मारझोड, दारू किंवा पैशाची ओढाताण असेल; पहिली मुलगी असून ‘या वेळी मुलगा व्हायलाच हवा’ असा दबाव असेल, तर पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवा. शेवटचा मुद्दा अंदाजाने लिहिलेला नाही. गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गरिबी, नवऱ्याकडून होणारी हिंसा आणि मुलीच्या जन्माशी जोडलेली नाराजी यांचा बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी संबंध दिसून आला होता.

ठाणे-नवी मुंबईत यात भर पडते ती एकटेपणाची. लग्न होऊन सातारा, जळगाव किंवा रत्नागिरीहून घणसोली, कोपरखैरणे, दिवा, कळव्याला आलेली मुलगी. नवरा महापे किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये. शेजारचं दार बंद. दिवसभर बोलायला कुणी नाही. तिकडे घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलीची गतही याहून वेगळी नसते. फक्त तिथे लिफ्ट आहे.

दुसरं काम : दोन आठवड्यांची नोंद

डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात आणि नेमकं तेव्हाच काही आठवत नाही. म्हणून नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी एक टिंब पुरे : बरा दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली, झोप चार तासांपेक्षा कमी झाली तर फुलीभोवती गोल. कुणी विचारलं तर सांगावं लागत नाही, आणि दोन आठवड्यांनी चित्र डोळ्यांसमोर असतं. मोबाइलमध्ये लिहिणं सोपं वाटत असेल तर तसं लिहा.

त्याबरोबर दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला, असं किती वेळा झालं? आणि उदास, निराश किंवा हताश किती वेळा वाटलं? ‘कधीच नाही’ला ०, ‘काही दिवस’ला १, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला २ आणि ‘जवळजवळ रोज’ला ३ गुण. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

याहून सविस्तर चाचणी म्हणजे एडिनबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल. १९८७ मध्ये ती बाळंतिणींसाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, ३० पैकी गुण. साधारण १३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काही असेल तर बाकीची बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी मदत घ्यायची. या चाचण्यांनी निदान होत नाही, निदान डॉक्टर करतात. पण कागदावर आकडा असला की सांगणं सोपं जातं.

तिसरं काम : रक्त तपासून घ्या

काही वेळा शरीरातली कमतरताच मनाचं दुखणं होऊन पुढे येते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. थायरॉइड मंदावलं की सुस्ती, रडू, विसराळूपणा येतो. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं. तेव्हा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ यांचे रिपोर्ट फाइलमध्ये आहेत का बघा, नसतील तर विचारा. मात्र रिपोर्टमध्ये ॲनिमिया निघाला म्हणून मनाचं बोलणं तिथेच थांबवू नका. दोन्ही एकत्र असू शकतात.

मिश्री लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. टेन्शन आलं की मिश्रीचा डबा उघडणाऱ्या बायका शहरातही आहेत. मिश्रीतली तंबाखू बाळाचं वजन घटवते, आणि ती लगेच सोडवत नाही म्हणून अपराधीपणा वाढतो तो वेगळाच. तेव्हा ती सोडायलाही मदत मागा.

चौथं काम : सांगायचं कसं आणि कुणाला

पुष्कळ जणी इथेच अडतात. तपासणीला सासूबाई किंवा नवरा बरोबर असतात आणि त्यांच्यासमोर बोलता येत नाही. वाट अशी काढा : वजन-बीपी घेणाऱ्या सिस्टरला हळूच सांगा, ‘सिस्टर, मला मॅडमशी एकटीने दोन मिनिटं बोलायचंय.’ किंवा आतल्या तपासणीच्या वेळी, पडद्याआड, घरचे बाहेर असताना सांगा. तेही जमणार नसेल तर चिठ्ठी लिहून केसपेपरला टाचा. चिठ्ठीत एवढंच पुरे : ‘तीन आठवडे झाले, रोज रडू येतं. रात्री झोप लागत नाही. कशात मन लागत नाही. मला यावर मदत हवी आहे.’ जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर तेही त्याच चिठ्ठीत लिहा.

डॉक्टर म्हणाले, ‘अहो, होतं असं, आनंदी राहा’, तर तिथेच न थांबता म्हणा, ‘मॅडम, मला मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्याल का?’ हे मागणं तुमच्या हक्काचं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा आणि तुमची माहिती गुप्त राहण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

घरात सांगताना सगळ्यांना एकदम सांगू नका. एक माणूस निवडा, जो ऐकून घेईल आणि तुमच्याबरोबर दवाखान्यात येईल. आई, बहीण, जाऊ, मैत्रीण, कुणीही चालेल. नवऱ्याला सांगायचं असेल तर तो पाळीवरून येऊन जेवून बसला की सांगा, आणि नेमकं काय हवं ते सांगा : ‘अहो, शुक्रवारी तुम्ही सुट्टी घ्या, मला डॉक्टरांकडे न्या.’ नुसतं ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं की समोरचा माणूस घाबरतो, गोंधळतो आणि उपदेश करू लागतो.

घरच्यांनो, तुमच्यासाठी एकच विनंती. ती बोलेल तेव्हा पहिली पाच मिनिटं तोडगा सुचवू नका. ‘आमच्या वेळी आम्ही शेतात काम करता करता बाळंत झालो’ हे वाक्य तर या घरात पुन्हा कधीच काढू नका. त्या काळातल्या किती बायका आतल्या आत कुढत राहिल्या, हे कुणी मोजलंच नाही.

पाचवं काम : कुठे जायचं

आज, या क्षणी कुणाशी तरी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक. सरकारी सेवा, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. हा क्रमांक लागला नाही तर १८००८९१४४१६. फोनवर आधी समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात.

ठाण्यात सरकारी उपचारांसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासून. त्याचं नाव काढलं की लोक दचकतात. वास्तविक तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, औषधं घेऊन त्याच दिवशी घरी. पण गरोदरपणात मी आधी वेगळी वाट सुचवेन : जिथे स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात ते रुग्णालय. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ज्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम. एका छताखाली असले की दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात, आणि गोळीच्या प्रश्नावर त्याचा फार उपयोग होतो. नवी मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेलं असेल तर तिथूनच चिठ्ठी घ्या. तुमच्या वस्तीतल्या आशाताईंनाही विचारा. कुठल्या वारी कोण डॉक्टर बसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बोलण्यातून उपचार हवे असतील तर ठाण्यातली आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती उभी केली आणि तिथे मराठीतून समुपदेशन मिळतं. जायच्या आधी फोन करून वेळ घ्या, ओपीडीचे वार बदलत असतात.

एक फरक लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, गोळ्या देऊ शकतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. सौम्य त्रासाला समुपदेशकांपासून सुरुवात केली तरी चालते. खाणं-झोप कोलमडली असेल, मरणाचे विचार येत असतील किंवा आधीचा आजार असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे.

उपचार म्हणजे नेमकं काय होतं

पहिल्या भेटीत प्रश्न विचारतात : कधीपासून, किती, घरात कोण कोण, आधी काही झालं होतं का, मरणाचे विचार येतात का. लाजू नका, हे प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्यातून केलेले उपचार चांगले लागू पडतात. पाकिस्तानातल्या ग्रामीण भागात आरोग्य सेविकांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन अशाच ठरवून केलेल्या भेटी दिल्या होत्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के बायका अजून नैराश्यात होत्या, तर या गटात २३ टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तीच पद्धत जगभरासाठी घेतली. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, साध्या प्रशिक्षित बायका होत्या. मला यातून फार आशा वाटते.

त्या पद्धतीतला एक भाग घरीही सुरू करता येतो. मन लागलं की करेन, असं म्हणत थांबायचं नाही. आधी छोटं काम करायचं, मन मागून येतं. उद्याच्या दिवसासाठी दोनच गोष्टी ठरवा. एक शरीराची : सकाळी उन्हात पंधरा मिनिटं चालणं, उपवन किंवा तलावपाळी जवळ असेल तर तिथे, नाहीतर सोसायटीच्या आवारात. दुसरी माणसांची : एका माणसाशी दहा मिनिटं बोलणं. झालं की कॅलेंडरवर खूण. नाही झालं तर दुसऱ्या दिवशी काम अर्धं करा, सोडून मात्र देऊ नका. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर चालण्याच्या जागी खिडकीपाशी बसून श्वासाकडे लक्ष द्या : चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.

आता गोळ्यांबद्दल. इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे दिवस राहिल्याचं कळताच चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्याच संध्याकाळी बंद करणं. नैराश्याचं किंवा बायपोलरचं औषध अचानक बंद केलं तर आजार उलटून येतो आणि तो बाळाच्याही हिताचा नसतो. दुसरी चूक म्हणजे दुकानातून किंवा नणंदेच्या पाकिटातून झोपेची गोळी घेणं, किंवा ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून अश्वगंधा सुरू करणं. गरोदरपणात यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

नैराश्यावरची काही औषधं गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात जगभर वापरली जातात. सर्ट्रालिन हे त्यातलं नेहमीचं. कोणतं औषध, किती, हे तुमच्या महिन्यावर, आजाराच्या जोरावर आणि आधी काय लागू पडलं यावर ठरतं. पण एक नाव लक्षात ठेवाच : सोडियम व्हॅल्प्रोएट. फिट्स आणि बायपोलर आजारासाठी ते देतात आणि गर्भाला त्याचा मोठा धोका असतो. पोटात असताना त्याच्या संपर्कात आलेल्या दर १० बाळांमागे साधारण एकात जन्मजात व्यंग आढळतं, शिवाय पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. तुम्ही ते घेत असाल आणि दिवस राहिले असतील, किंवा मूल हवं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्वतःहून बंद मात्र करू नका, विशेषतः फिट्स असतील तर.

डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा : ही गोळी न घेतल्यास काय होऊ शकतं? घेतल्यास बाळावर काय परिणाम? फरक पडायला किती दिवस? दूध पाजताना चालेल का? नैराश्याच्या गोळीचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देणाऱ्यांना औषध लागू पडलं नाही असं वाटतं, प्रत्यक्षात त्याला वेळच मिळालेला नसतो.

घर, नोकरी आणि लोकल

घरात सर्वात आधी झोप राखा. सातव्या महिन्यानंतर सलग झोप अवघड होते, तरी दुपारचा एक तास तिचा, दार लावून, पाहुणे आले तरी. पाहुण्यांना चहा घरातलं दुसरं कुणी करेल.

नोकरी करणाऱ्या बाईने भरपगारी २६ आठवड्यांच्या रजेतले ८ आठवडेच बाळंतपणाआधी घेता येतात हे लक्षात घेऊन आखणी करावी. दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी एकूण रजा १२ आठवड्यांची असते. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंतची रजा मागता येते, आणि मनाचं आजारपणही आजारपणच आहे. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रियांना प्रवास करता येतो. दिवा किंवा कळव्याहून सकाळची गाडी पकडणाऱ्या पुष्कळ जणींना हे माहीत नसतं आणि त्या महिलांच्या डब्यात दाराशी चेंगरत उभ्या राहतात. रोजच्या धास्तीतली एक धास्ती तरी याने कमी होते.

घरात मारहाण होत असेल तर उपचारांची सुरुवात सुरक्षिततेपासून करावी लागते. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, तातडीत ११२. मोबाइल कुणी तपासत असेल तर फोन दवाखान्यातून करा. डॉक्टरांना मार लागल्याची नोंद केसपेपरवर करायला सांगा.

माहेरी जाण्याआधी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मनासाठी ती बहुधा चांगलीच, आईच्या हातचं खाणं आणि विश्रांती मिळते. पण उपचार चालू असतील तर सातव्या महिन्यातला हा प्रवासच धागा तुटण्याची जागा ठरतो. ठाण्यातले डॉक्टर इथे राहतात, माहेरच्या गावातल्या डॉक्टरांना काही ठाऊक नसतं, आणि आईला तर ‘मुलीला गोळ्या चालू आहेत’ हे शेजारी कळू द्यायचं नसतं.

म्हणून निघायच्या आधी तीन गोष्टी करा. मानसोपचारतज्ज्ञांकडून निदान, औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेलं पत्र घ्या आणि ते माता-बाल संरक्षण कार्डाच्या फाइलमध्येच ठेवा. फोनवर किंवा व्हिडिओवर ते तुम्हाला भेटतील का, कधी, हे ठरवून घ्या. ते जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलता येतं, आणि टेली-मानस कुठूनही लागतो. तिसरं म्हणजे, जिथे बाळंतपण होणार तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ते पत्र दाखवा. बाळाच्या डॉक्टरांनाही कळायला हवं, कारण काही औषधांमुळे जन्मानंतरचे दोन-तीन दिवस बाळावर जरा लक्ष ठेवावं लागतं.

आईशी बोलताना गोळ्यांची नावं सांगायची गरज नाही. ‘आई, जशी बीपीची गोळी असते तशीच ही. चुकवायची नाही, तू आठवण कर,’ एवढं पुरतं.

वाट पाहायची नाही अशी वेळ

मरणाबद्दल बोलणं, निरवानिरव करणं, ‘माझ्यानंतर बाळाला सांभाळाल ना’ असं विचारणं. दोन-तीन रात्री अजिबात झोप नसूनही थकवा न जाणवणं, असंबद्ध आणि भराभर बोलणं. नसलेले आवाज ऐकू येणं. घरच्यांवर भलते संशय. बाळ आपलं नाहीच अशी खात्री. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. १०८ ला रुग्णवाहिका मागवा. तोवर तिला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, फिनेल, उंदरांचं औषध कुलपात ठेवा. उंच मजल्यावर राहत असाल तर बाल्कनीचं दार बंद ठेवा आणि कुणीतरी जवळ बसा. तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

पोलीस केसच्या भीतीने घरचे दवाखाना टाळतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात आणि तिला शिक्षा करत नाहीत. त्याच कायद्यानुसार आई दाखल असताना तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करत नाहीत. बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात.

बाळंतपणानंतर भ्रम होण्याचा गंभीर आजार दर हजारी एक-दोन बाळंतिणींना होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उफाळतो. बायपोलर आजार असलेल्या बाईला हा धोका कितीतरी जास्त, साधारण पाचात एक. बाहेरची बाधा, दृष्ट, अंगात येणं समजून अशा वेळी काही घरं देवऋषाकडे जातात आणि दिवस हातचे जातात. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण रुग्णालयाच्या वाटेवर.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडू येणं, हळवेपणा वाटणं बहुसंख्य बाळंतिणींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. त्यापुढे राहिलं तर वरची सगळी कामं पुन्हा पहिल्यापासून. गरोदरपणात उपचार घेतलेल्या बाईने मात्र दोन आठवडेही थांबू नये. बाळ झाल्यावर आठवड्याभरात डॉक्टरांना फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

रात्रीची एक सलग चार-पाच तासांची झोप तिला मिळेल अशी वाटणी करा. एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर, ते नवऱ्याने किंवा आजीने द्यायचं. बारशाला शंभर माणसं बोलवायची की दहा, हे तिला विचारून ठरवा. दूध कमी येतंय यावरून टोमणे नकोत. पाजायला अडचण येत असेल तर सिस्टर किंवा स्तनपान सल्लागारांना दाखवा. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेचं आणि मनाचंही तिथल्या डॉक्टरांना सांगा.

उपचारांचे सगळे कागद, चिठ्ठ्या, कोणती गोळी लागू पडली आणि कोणती सोसली नाही याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला ती बरोबर न्या. अशा बाईला पुन्हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि डॉक्टरांच्या हातात फाइल असली तर त्या वेळी उपचार पहिल्या महिन्यापासून सुरू करता येतात.